सेकंदाला तीन थेंब

ग्रिम्सबीत मासे पुष्कळ, पण ते बर्फावर निजलेले.
जिवंत तीन आज आले लिंकनच्या दुकानातून,
मिस्टर होल्ड्रींच्या गाडीत, मागच्या सीटवर,
थर्माकोलच्या खोक्याला सीटबेल्ट लावून.
प्रत्येक पिशवीत ओंजळभर समुद्र, बाकी हवा.

खरा समुद्र शाळेपासून दीड मैलावर.
पण आमचा येतो बादलीतून: पंचवीस किलो मीठ,
झाकणावर कृती छापलेली, लोणच्याच्या मसाल्यासारखी.
मी वाशिमची. समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो क्लीथॉर्प्सला, ओहोटीत,
म्हणजे पाहिलाच नाही. नजर पोचेल तिथवर चिखल
आणि त्याच्या टोकाला एक करडी रेघ.
नवरा म्हणाला, थांब, येईल.
चिप्स संपल्या. आम्ही घरी आलो.

तर आधी पिशवी बंदच तरंगू द्यायची.
वीस मिनिटं. दिवे मालवून.
आतलं पाणी नि बाहेरचं पाणी
एकमेकांची ऊब ओळखेपर्यंत.
मग मासे बादलीत, त्यांच्याच पाण्यासकट,
आणि टाकीतून खाली सोडलेली बारीक नळी,
नळीला गाठ, गाठीतून थेंब.
सेकंदाला तीन. तासभर.

चौथीच्या वर्गाला तासभर म्हणजे काय, ते विचारू नका.
आयला नावाची एक मुलगी आहे
(हजेरी घेताना अजून मला ओठ दाबून धरावे लागतात),
ती म्हणाली, मिस, जरा जोरात सोडा ना.
सगळे म्हणाले, सोडा ना.
आणि मी, तेवीस वर्षं हेच करणारी बाई,
गाठ जराशी सैल केली.

तेवढ्यात आगीचा भोंगा.
आग नव्हतीच. सराव होता, ठरलेला,
फळ्याशेजारी कागद लावलेला, मीच लावलेला.
पण नियम म्हणजे नियम: हातातलं टाका, रांग करा, चला.
दारातून वळून पाहिलं तर
थेंबांची धार झाली होती.

नेटबॉलच्या मैदानावर वारा सुऱ्यांसारखा.
मुलं मोजली. एक कमी.
मी पोरं मोजत होते की मिलिलिटर, देव जाणे.
एवढं पाणी एकदम अंगावर आलं
तर मासा काही ओरडत नाही.
कल्ले तेवढे जोरात हलतात, मग आडवा होतो.

शेवटी आला डोमास, इमारतीतून एकटाच.
जानेवारीत क्लायपेडाहून आलेला,
वर्गात अजून एक शब्द न बोललेला.
मुख्याध्यापिकाबाई त्याला सगळ्यांदेखत बोलल्या.
खरी आग असती तर, वगैरे.
तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

परत आलो. बादलीपाशी गुडघे टेकले.
थेंब.
थेंब.
थेंब.
घड्याळ लावून मोजले. तीन.
दोन विदूषक मासे शेजारी शेजारी,
आणि तो लाल शेपटीचा फायरफिश, तळाला, उभा.

कोणी केलं, मी विचारलं नाही.
डोमासची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.
मी त्याला टॉवेल दिला. त्यानं बाही न पुसता
बादलीभोवती सांडलेलं पाणी पुसलं.
बाईंना जाऊन सांगायला हवं, हे मला कळत होतं.
सांगितलं, पण दुपारी, जेवणानंतर.
तोवर बोलून गेलेले शब्द काही माघारी येत नाहीत.

मासे जाळीनं उचलून टाकीत सोडले.
फायरफिश दगडामागे गेला तो गेलाच.
आयला रोज विचारते, मेला का?
मी म्हणते, नाही गं. त्याला बघू दे आधी.

दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नसतं.
ते मी बेसिनमध्ये ओतलं, सगळे गेल्यावर.
ओतण्याआधी बोट बुडवून जिभेला लावलं,
आमटीचं बघतात तसं.
किंचित जास्त वाटलं.
पुन्हा लावलं. नाही,
बरोबर आहे.